ट्रॉलीवरचा नंबर

देऊळघाटच्या त्या घरी मी इंटरनेट बसवायला गेलो तेव्हा पासवर्ड काय ठेवायचा, हे मी कुणाला विचारलंच नाही. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागच्या फळीवर मालकाचं नाव, गावाचं नाव आणि त्याखाली पिवळ्या रंगात ठळक मोबाइल नंबर. तोच नंबर मी राउटरमध्ये टाकला, घरातले फोन जोडून दिले, चहा घेतला आणि गाडीला किक मारली.

ही माझी कामाची पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. आमच्या बुलडाण्याकडे शेतकऱ्याचा नंबर कुठे ना कुठे रंगवलेला असतोच. ट्रॉलीवर नाही तर फाटकावर, फाटकावर नाही तर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर. माणसं स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतात, पण हा नंबर विसरत नाहीत. राउटरच्या बुडाला बनवणाऱ्यांनी चिकटवलेला पासवर्ड असतो, पण तो मुंगीएवढा. मोठी इंग्रजी अक्षरं, लहान अक्षरं, मध्येच आकडे. तो तसाच ठेवला की मी जेवायला बसलो रे बसलो की फोन येणार, "भाऊ, तो कोड सांगा ना, पाव्हने आले हायेत." नंबर ठेवला की फोन बंद. साठेक घरांत मी असं केलं आणि ती सगळी घरं मला हुशार समजत होती. मीही समजत होतो.

त्याआधी माझी निम्मी हयात तारेवर गेली. मी टेलिफोनचा लाइनमन होतो. खांबावर चढून तपासणीचा फोन जोडला की कुणाच्याही लाइनवरचं बोलणं कानात यायचं. कुणाची सोयरीक मोडत आली आहे, कुणाचा भाऊ वाटणी मागतो आहे, कोण आजारपण लपवतो आहे, सगळं. मी ते ऐकलं आणि त्यातला एक शब्दही खांबाखाली आणला नाही. बायकोलाही कधी सांगितलं नाही, आणि त्याचा तिला अजून राग आहे. त्यामुळे गुपित राखायला माणूस चांगला पाहिजे, कुलूपबिलूप नंतरचं, असं माझं पक्कं मत झालं होतं. चांगला माणूस म्हणजे अर्थातच मी.

मग तारा उतरल्या, घरोघरचे काळे फोन गेले. मी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि फायबर ओढायची, राउटर बसवायची कामं घेऊ लागलो. खांबापासून घरापर्यंतचं काम ओळखीचं होतं, तांब्याच्या जागी केसासारखी काच आली एवढंच. घरात शिरल्यावर मात्र गोष्ट बदलते. काचेतून आलेला प्रकाश त्या पेटीत येतो आणि पेटी त्याच्या रेडिओ लहरी करून हवेत सोडते. फोन, लॅपटॉप, टीव्ही त्या लहरी पकडतात आणि आपलं म्हणणं त्याच वाटेनं परत पाठवतात. टिनाच्या पत्र्याला ही लहर अडते, पाण्याच्या टाकीपुढे दमते, मातीच्या जाड भिंतीतून अर्धमेली होऊन बाहेर पडते. पण विटेच्या साध्या भिंतीतून ती शेजाऱ्याच्या ओसरीत आरामात जाऊन बसते. म्हणून पेटी कुठे ठेवायची यावरून माझी घरोघरी वादावादी. लोक ती टीव्हीमागे कोंबतात, वर विणलेला रुमाल घालतात. एका घरी ती स्टीलच्या डब्यांमागे सापडली, आणि वर मलाच तक्रार की नेट चालत नाही.

पासवर्ड दोन कामं करतो, हे आम्हाला शिकवताना सांगितलं होतं. मी पहिलंच तेवढं लक्षात ठेवलं होतं. पहिलं काम म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणं. दुसरं असं की त्याच्याच आधारानं घरातलं सगळं बोलणं गुंतवून टाकलं जातं. लहरी शेजारच्या ओसरीत पोचतात, तिथे कुणी त्या पकडल्याही, तरी पासवर्ड नसेल तर त्याच्या हाती नुसता गुंता लागतो. पण पासवर्ड ज्याच्याकडे आहे आणि थोडं डोकं नि थोडा वेळ आहे, त्याला त्यातलं बरंच सोडवता येतं. म्हणजे ट्रॉली भाजी घेऊन बाजाराला गेली की त्या घराची किल्ली गावभर फिरून संध्याकाळी परत येत होती. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

ते घर भाजीवाल्यांचं. मिरची, वांगी, भेंडी, आणि सांबार, म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ती. घरात मालक, मालकीण, मुलगा आणि सून. मालकीणबाईंना मी वैनी म्हणतो, फार वर्षांची ओळख. सून नांदुऱ्याची. लग्नाआधी ती पुण्यात नोकरीला होती, दवाखान्यांचे कागद तपासून ते नीट भरून देण्याचं काम. सोयरीक ठरताना तिनं एकच अट घातली होती, माझं काम सुटणार नाही. ती अट सगळ्यांनी मान्य केली. तिच्या कंपनीनंही घरून काम करायला हो म्हटलं, पण त्यांचीही अट होती. दवाखान्यांचे कागद म्हणजे लोकांच्या आजारांचे कागद. घराच्या इंटरनेटला कायमचा एकच पत्ता, म्हणजे आकड्यांची एक ठरलेली ओळख, हवा आणि कामाचं दार त्या एकाच पत्त्याला उघडेल. तो पत्ता मी मिळवून दिला. माडीवरची छोटी खोली तिची झाली. बुलडाण्यात तसलं काम दुसरं कुठलं नव्हतं. ते सुटलं तर सुटलंच, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

पोरगी हुशार होती, आणि ते मला थोडं खुपायचं. एकदा माहेराहून येताना नांदुऱ्याच्या स्टेशनवर तिला काहीतरी तातडीचं पाठवायचं होतं. तिथे फुकटच्या वायफायची दोन नावं दिसत होती, जवळजवळ सारखीच. तिनं मला फोन करून विचारलं, यातलं खरं कोणतं? मी म्हणालो, "कोन्तंबी जोड, बिनधास्त." ती म्हणाली, "काका, नाव तर कुणीही काहीही ठेवू शकतं. बाकावर बसलेला माणूससुद्धा." मग तिनं मलाच समजावलं. अशा बिनपासवर्डच्या जाळ्यात हवेतलं बोलणं उघडंच असतं. बँकेच्या किंवा ऑफिसच्या पानाचा पत्ता नीट बघितला आणि पानावर कुलपाची खूण असली, तर आतला मजकूर पाकिटात बंद राहतो, पण पाकीट कुठे चाललंय ते दिसतंच. आणि नकली जाळं आपल्याला नकली पानावरही नेऊन सोडू शकतं. शेवटी तिनं स्वतःच्या फोनचाच डेटा वापरला. मी फोन ठेवून बायकोला म्हणालो, आजकालची पोरं सावलीलाही भितात.

ही गोष्ट यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाची. बुधवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "काका, येऊन जाता का? आत्ता."

गेलो. माडीवर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर कंपनीचं पत्र. तिनं ते मला मराठीत सांगितलं. तुमच्या घराच्या पत्त्यावरून जगभरच्या अनोळखी मशिनींची दारं ठोठावली जात आहेत. रात्रंदिवस, एकामागून एक पासवर्ड लावून बघितले जात आहेत. तुमचा पत्ता वाईट पत्त्यांच्या यादीत गेला आहे. आमचं दार तुम्हाला बंद केलं आहे. तुमच्या जाळ्यावर कोण होतं, कसं आलं, हे शनिवारी दुपारपर्यंत लेखी कळवा. नाही कळवलं तर काम कायमचं बंद.

"बाहेरून बघणाऱ्याला आपल्या घरातले फोन, टीव्ही वेगळे दिसत नाहीत ना काका," ती म्हणाली. "त्यांना राउटरचा एकच पत्ता दिसतो. घरातल्या कुणीही केलं तरी नाव त्या पत्त्याचं. म्हणजे माझं."

बरोबर होतं ते. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. माझ्या कामात खोट काढली जात होती, आणि तीही वैनींसमोर. वैनी मिरच्यांचे देठ खुडत खोलीच्या दारात येऊन बसल्या होत्या.

"माह्या कामात खोट नाई निघत," मी म्हणालो. "तूच पासवर्ड कोनाले देल्ला असंन. माहेरी गेलती, मैत्रिणी असतात, कोनाले तरी."

"मी कुणाला कशाला देऊ? पासवर्ड तर ट्रॉलीवर आहे, काका."

यावर मी थांबायला हवं होतं. पण मी हसलो. "ट्रॉली काय पुण्याले जाते काय बाप्पा?"

वैनीही हसल्या. मग हसू आवरून सुनेला म्हणाल्या, "म्या म्हनतच होती, दिवसभर त्या डब्याले डोळे लावून नोको बसू म्हनून. काही ना काही होतेच." सुनेनं कुणाकडेच पाहिलं नाही. माझा एक शब्द आणि तिच्या घरात ती दोषी ठरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी मागे घेतला नाही.

मग मी राउटरचं आतलं पान उघडलं. या पानाला वेगळा पासवर्ड असतो, पेटीच्या मालकाचा. इथून सगळी पेटी हलवता येते. तोही मी कधी बदलला नव्हता, पेटी आली तेव्हा होता तोच होता. जोडलेल्या वस्तूंची यादी आली. चार फोन, टीव्ही, तिचा लॅपटॉप, आणि खाली सातवं एक नाव. कॅमेऱ्याचं.

तो कॅमेरा मीच लावला होता.

त्यांच्या मागच्या भिंतीला लागून शेजाऱ्याचा गोठा आहे. शेजारी माझा शाळेतला सोबती. त्याच्या दोन बकऱ्या चोरीला गेल्या, तेव्हा त्यानं एक स्वस्तातला कॅमेरा आणला आणि मला बोलावलं. त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं. "एका कॅमेऱ्यासाठी कोन घेते बे?" तो म्हणाला. भिंतीपलीकडे वायफाय होतंच, आणि पासवर्ड मला पाठ होता. मी भिंतीवरून हाक मारून वैनींना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. आमच्याकडे शेजाऱ्याला विरजण द्यायला जशी कुणी ना करत नाही, तसंच ते झालं. सोबत्याला चिखलीला लेकीकडे गेल्यावरही बकऱ्या दिसायला हव्या होत्या, म्हणून मी त्यांच्या राउटरमध्ये बाहेरून आत यायची एक खिडकी उघडून दिली. कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्ड बनवणाऱ्यांनी ठेवला तोच राहू दिला. बकऱ्यांना कोण पाहतंय, म्हटलं. अर्ध्या तासाचं काम, एक कप चहा, आणि मी ते विसरून गेलो.

अशा उघड्या खिडक्या शोधत फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांना माणूस लागत नाही, झोप लागत नाही. एकेक पत्ता घ्यायचा, खिडकी आहे का बघायची, नेहमीचे आठ-दहा पासवर्ड लावायचे. त्यातला एक या कॅमेऱ्याला लागला. प्रोग्राम आत येऊन बसला, आणि तेव्हापासून तो कॅमेरा सोबत्याला बकऱ्याही दाखवत होता आणि जगभर दुसऱ्यांची दारंही ठोठावत होता. सुनेच्या पत्त्यावरून.

मी तो कॅमेरा यादीतून काढला. खिडकी बंद केली. पान मिटलं.

"कोण होतं काका?"

"कोनी नाई. सेटिंग हाललं होतं जरासं. केलं नीट."

"पण त्यांना लेखी कळवायचंय ना, कोण होतं ते."

"लिहून दे, दुरुस्त झालं म्हनून," मी म्हणालो आणि जिना उतरलो. वैनींनी चहा विचारला. मी नको म्हटलं. त्या घरी चहा नको म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

घरी आलो आणि जेवायला बसलो. बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, काय झालं. खांबावरचं कधी न सांगणाऱ्या मला हे मात्र पोटात ठेवता आलं नाही. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "पोरीचं काम जाऊन राह्यलं, आन तुमी जेवून राह्यले."

"सांगतलं तं साठ घरं जातीन माह्या हातची. कोन बोलावनार मले?"

"तुमची साठ हायेत. तिचं एकच हाय."

माझी भाकरी तशीच राहिली. राग बायकोचा आला, असं मला वाटत होतं. दुपारभर मी गाडी पुसत बसलो, स्वच्छ गाडी. तेव्हा कळलं की लाज वाटते आहे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची गुपितं राखली म्हणून मिरवत होतो आणि पहिल्यांदा स्वतःचं गुपित राखायची वेळ आली तर ते एका पोरीच्या जिवावर.

गुरुवारी सकाळी परत देऊळघाटला गेलो. ती माडीवर होती. लॅपटॉप बंद, आणि ती समोर नुसती बसलेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कॅमेरा, खिडकी, ट्रॉलीवरचा नंबर.

"काल माहीत होतं तुम्हाला?"

"हाव."

मला वाटलं होतं ओरडेल, आणि ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं वहीतला कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. मी मराठीत लिहून काढलं. मी कोण, काय बसवलं, काय चूक केली, काल काय बंद केलं, आणि यात या बाईंचा काही दोष नाही. तिनं त्याचं इंग्रजी केलं. यादीच्या पानाचा फोटो जोडला, कॅमेऱ्याचा जोडला. खाली मी सही केली. टेलिफोन खात्यात असताना करायचो तशी, पूर्ण नावाची.

पत्र गेल्यावर ती म्हणाली, "हे कंपनीचं झालं. आता आईंना सांगा."

वैनी वावरात होत्या. उन्हाळी भेंडीची तोडणी चालू होती, हाताला खाजू नये म्हणून त्यांनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. मी बांधावर उभा राहून सांगू लागलो. राउटर, पत्ता, खिडकी यातलं त्यांना फारसं कळलं नसावं, त्या भेंडी तोडतच होत्या. कॅमेरा म्हणालो तेव्हा हात थांबला.

"कोन्ता कॅमेरा? बकऱ्याचा?"

"हाव."

"तो तं मले इचारून लावला तुमी. मीच म्हटलं, लावा म्हनून."

"तुमची काय चूक वैनी. मले समजाले पाह्यजे होतं. सुनेनं काहीच नाई केलं. म्या काल खोटं बोललो."

वैनी बांधावर बसल्या. बोटांच्या चिंध्या सोडत राहिल्या, एकेक. मग म्हणाल्या, "काल दुपारी म्या तिच्या मायले फोन केला. म्हटलं, तुमची पोरगी घरचा नंबर कोनालेबी वाटते. आता नोकरी जाते तिची."

मी सुनेला घरात दोषी ठरवलं होतं, ती गोष्ट नांदुऱ्यापर्यंत पोचली होती, आणि तिथे तिच्या आईनं ती रात्र कशी काढली असेल कुणास ठाऊक.

"लावा फोन," वैनी म्हणाल्या. "माह्यावरून लावा. मले हातानं नाई दाबता येत, चीक हाय."

मी लावून त्यांच्या कानाला धरला. वैनी बोलल्या त्या इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या वावरातली माणसं वळून बघू लागली. "विहीनबाई, काल म्या बोलली ते खोटं होतं. तुमच्या पोरीचा काहीच दोष नाई. माही चूक झाली. आन या लाइनमनची." मग माझ्याकडे पाहून, फोन न सोडता, "हा उभा हाय माह्यापाशी. बोला भाऊ." मी बोललो. पलीकडून त्या माउलीनं फक्त एवढं विचारलं, "मंग पोरीचं काम राह्यते न?" मी म्हणालो, शनिवारपर्यंत कळेल.

शुक्रवारी मला घरी बसवेना. मी माझी घरं धरली. ट्रॉलीवरचे, फाटकावरचे, मोटारीच्या खोलीवरचे सगळे नंबर राउटरमधून काढायला निघालो. पेटीच्या मालकाचा पासवर्ड बदलायचा, बाहेरच्या खिडक्या बंद करायच्या, पाहुण्यांसाठी वेगळं जाळं काढून द्यायचं. या पेट्यांत ती सोय आधीपासून असते. पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण घरच्या जाळ्यात त्याचा पाय पडत नाही. मी ती कधी वापरलीच नव्हती. लोक वैतागले. "काऊन बदलून राह्यले भाऊ? आमच्याइथं काय हाय चोरण्यासारखं?" एका म्हातारबाबांना तर मी नवा पासवर्ड ठेवायला सांगितला, चांगला लांब, घरातल्या चार-पाच शब्दांचा मिळून, कुणाला अंदाज न येणारा. त्यांनी तो ठेवला आणि मी फाटकापर्यंत येतो तोवर खडूनं दारावर लिहूनही टाकला. मी परत गेलो, पुसला, त्यांनी मला दोन शिव्या दिल्या, आणि आम्ही तो त्यांच्या पोथीच्या कव्हरात आतून लिहून ठेवला.

त्या दिवशी जेवढी घरं झाली, तिथे प्रत्येक ठिकाणी मी कारणही सांगितलं. माझ्या पद्धतीमुळे एका पोरीचं काम जायची वेळ आली आहे, असं. दोन घरांनी मला तिथल्या तिथे सांगितलं की पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावू. बाकीच्यांनी चहा दिला. बकऱ्यावाला सोबती मात्र दिवसभर फोन करत होता. "अबे, बकऱ्या दिसून नाई राह्यल्या!" मी म्हटलं, "उठून पाह्य मंग. भिंतीपलीकडंच हायेत."

शनिवार उजाडला. मी सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो होतो. बायकोनं दोनदा विचारलं, मी दोनदा तिच्यावर खेकसलो. दीड वाजता देऊळघाटचा फोन आला. ती म्हणाली, "काका, या. राउटर बदलून द्यायचाय." पुढे काही सांगेना. मीही विचारलं नाही. रस्त्यात मला एवढंच वाटत होतं, की काम गेलं असेल तर ती माझ्याकडून आता पेटी काढून घेईल आणि मी ती मुकाट्यानं काढून देईन.

माडीवर गेलो तर लॅपटॉप उघडा. कंपनीचं पत्र आलं होतं. तुमचं म्हणणं पटलं. कामासाठी वेगळं जाळं करा, त्याचं कुलूप तुमच्याखेरीज कुणाकडे असू नये. ते झालं की दार उघडू. तिनं हे वाचून दाखवलं आणि मी खुर्चीत बसलोच. डोळ्यात पाणी आलं, ते मी चष्मा पुसून निभावलं.

नवीन पेटी मी बसवली. घरचं एक जाळं, पाहुण्यांचं एक, आणि तिच्या कामाचं तिसरं. पेटीच्या मालकाचा पासवर्ड आणि तिच्या जाळ्याचा पासवर्ड टाकायची वेळ आली. माझी बोटं सवयीनं कळांवर गेली.

"काका, मी टाकते," ती म्हणाली. "तुम्ही पाठ फिरवा."

इतक्या वर्षांत मला कुणी पाठ फिरवायला सांगितलं नव्हतं. खांबावर तर सांगणारं कुणी नसतंच. तारेवरचं सगळं ऐकूनही मी गप्प बसतो, यावर लोकांनी विश्वास ठेवायचा असतो, अशी माझी समजूत. पण तिनं का ठेवावा? बुधवारी सकाळी ठेवला होता की. मी उठलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे कळा वाजू लागल्या. टक टक टक, थांबून पुन्हा टक टक.

"झालं काका. किती झाल्या?"

"सतरा," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. बुधवारपासून पहिल्यांदा. "बघा. म्हणूनच म्हटलं पाठ फिरवा. आता पुन्हा टाकते," ती म्हणाली, आणि तिनं सगळं खोडलं. मी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात वैनी जिना चढून आल्या, काखेत भेंडीची टोपली. मला तसं उभं बघून थबकल्या. त्यांचे ओठ हलले ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, म्हणून मी एक कान मोकळा केला.

"काऊन भाऊ? कोपऱ्यात काऊन उभं केलं तुमाले?"

"पासवर्ड टाकून राह्यली ती," मी म्हणालो.

वैनींनी एकदा सुनेकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला, आणि माझ्या शेजारी येऊन त्याही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.